आधी साठवा, मग चाखा: कुटुंबाच्या खाद्यसहलीचे नियोजन

माझे बाबा मेनूकार्ड उजवीकडून वाचतात. आधी किंमत, मग पदार्थ. आयुष्यभर एका पगारात घर चालवलेल्या माणसाची ही सवय असते. हॉटेलात गेलो की ते उजव्या बाजूवरून बोट खाली नेतात, सर्वांत लहान आकड्यावर थांबतात आणि म्हणतात, "मला हेच आवडतं."

बँकेत काम करताना असे अनेक खातेदार मला भेटतात. वर्षानुवर्षे नियमाने बचत करणारे हे लोक स्वतःवर खर्च करताना मात्र चाचरतात. दुसऱ्या टोकाला हौसेच्या भरात कार्ड फिरवून पुढचे वर्षभर हप्ते भरणारेही भेटतात. या दोन्ही टोकांच्या मध्ये एक साधा रस्ता आहे. तो समजावून सांगण्यासाठी मी खाद्यसहलीचे उदाहरण घेतले आहे, कारण सहलीच्या हिशोबात सर्वांत जास्त घसरण खाण्याच्या खर्चात होते. तिकीट आणि खोली यांची रक्कम आधी कळते. चाट, चहा, मिठाई, "एक प्लेट अजून" यांची कळत नाही.

एक सहल, दोन हिशोब

सांगायला संकोच वाटतो, पण पहिली चूक माझीच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आई-बाबांना घेऊन दिल्लीला गेलो होतो. तिकिटे, हॉटेल आणि खाणेपिणे मिळून ३६,००० रुपये झाले, आणि ते सगळे क्रेडिट कार्डावर. बिल आल्यावर मी पूर्ण रक्कम भरली नाही. दरमहा ३,००० रुपये भरत राहू, असे ठरवले. वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन चक्रवाढ व्याजाची गणिते सोडवलेली मी, स्वतःच्या बिलावर ते गणित मांडायला मात्र विसरले.

ते गणित असे होते. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३.५ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. अशा थकबाकीवर दरमहा ३,००० रुपये भरले, तर ३६,००० रुपये फिटायला जवळजवळ १७ महिने लागतात आणि सुमारे १४,७०० रुपये जादा जातात. त्यातच एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मागचे बिल पूर्ण भरले नसेल, तर नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या महिन्यात कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते.

आता हेच ३,००० रुपये सहलीच्या आधी बाजूला टाकले तर काय होईल? समजा आवर्ती ठेवीवर, म्हणजे आरडीवर, वार्षिक ६.५ टक्के दर आहे आणि व्याज तिमाही चक्रवाढ आहे. १२ महिन्यांत ३६,००० रुपये भरून हातात सुमारे ३७,२८६ रुपये येतात. व्याज १,२८६ रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण ती आपल्या बाजूने आहे. एका वाटेने १४,७०० रुपये गेले, दुसऱ्या वाटेने १,२८६ रुपये आले. सहल तीच, हप्ताही तोच. फरक फक्त आधी भरण्याचा की नंतर भरण्याचा.

या आकड्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. दिल्लीत बाबांना कळले होते की सगळे कार्डावर चालले आहे. ते चार दिवस त्यांनी पोटभर काही मागवले नाही. चांदनी चौकात पराठा खाताना विचारले, "याचे पैसे कधी भरायचे?" ज्यांच्यासाठी सहल काढली, त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

म्हणून पुढची सहल आधी साठवूनच करायची, असे आम्ही ठरवले.

कोणते पैसे सहलीचे नाहीत

साठवायला सुरुवात करण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. किमान तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी आहे का? विम्याचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी यांची सोय झाली आहे का? जास्त व्याजाचे एखादे कर्ज डोक्यावर आहे का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर "नाही" किंवा तिसऱ्याचे "हो" असेल, तर आधी ते मार्गी लावा. सहल एक वर्ष पुढे ढकलता येते, दवाखाना ढकलता येत नाही.

मुदत ठेव मोडून सहल करू नका. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कमी मिळते आणि बहुतेक बँका त्यातून दंडही कापतात. नुकसान मात्र त्याहून मोठे असते. ज्या कामासाठी ती ठेव केली होती, ते काम उघडे पडते.

आरडीची तारीख तिकिटाशी जुळवा

सहलीसाठी आरडी काढणारे बहुतेक जण एक चूक करतात. सहल जानेवारीत, म्हणून आरडीही जानेवारीत पूर्ण होईल अशी काढतात. पण रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. म्हणजे तिकिटाचे पैसे नोव्हेंबरात लागतात. खोलीची आगाऊ रक्कमही त्याच सुमारास द्यावी लागते. आरडी अजून पिकलेली नसते, मग तेवढ्यापुरते कार्ड बाहेर निघते आणि सगळे नियोजन पुन्हा उधारीवर येते.

यावर आम्ही सोपा उपाय केला. एका आरडीऐवजी १,५०० रुपयांच्या दोन आरडी काढल्या, दोन्ही १२ महिन्यांच्या. पहिली नोव्हेंबरात सुरू केली, दुसरी जानेवारीत. पहिली पुढच्या नोव्हेंबरात पूर्ण झाली, त्यातून तिकिटे आणि खोलीची आगाऊ रक्कम भागली. दुसरी जानेवारीत, प्रवासाच्या तोंडावर हातात आली. प्रत्येकीचे सुमारे १८,६४३ रुपये झाले, म्हणजे दोन्ही मिळून तेच ३७,२८६.

आरडी काढताना एवढे पाहा:

• हप्त्याची तारीख पगाराच्या किंवा उत्पन्नाच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा आणि खात्यातून आपोआप वळती करण्याची सूचना द्या. हप्ता चुकला तर दंड बसू शकतो.

• पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते आणि ती ३ वर्षांनंतरच मुदतीआधी बंद करता येते. दूरच्या उद्दिष्टासाठी ती चांगली, एका वर्षाच्या सहलीसाठी नाही.

• आरडीचे व्याज तुमच्या उत्पन्नात धरले जाते. विवरणपत्र भरत असाल तर ते दाखवा.

• उत्पन्न रोजचे किंवा अनियमित असेल, तर दैनिक बचत योजना, म्हणजे पिग्मी, सोयीची पडते. रोज १०० रुपये बाजूला टाकले तरी महिन्याला ३,००० होतात. मात्र प्रत्येक वेळी पावती किंवा मोबाइलवरचा संदेश तपासा आणि मुदतीआधी मोडल्यास किती कपात होते, ते आधी विचारून घ्या.

शहर आणि मोसम

कुठे जायचे, यावर घरात मतदान झाले. बाबांना मासे हवे होते. आई शाकाहारी आहे आणि तिला गोड आवडते. आठ वर्षांच्या मुलीला नदीतली बोट हवी होती. सगळ्यांचा मेळ कोलकात्यात बसला. नागपूरहून हावड्याला थेट गाड्या आहेत आणि प्रवास एका रात्रीचा, ही आणखी एक सोय. तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद कुठेही राहत असाल, तरी पद्धत हीच. घरातल्या प्रत्येकाचा एक पदार्थ ज्या शहरात मिळतो, ते शहर निवडा.

त्यानंतर मोसम पाहा. खाद्यसहलीत मोसम दोन प्रकारे पैसे वाचवतो. दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्यात खोल्यांचे भाव चढतात आणि गर्दीत मोठ्या माणसांचे हाल होतात. उलट थंडीत खजुराच्या रसाचा ताजा गूळ येतो. त्याला तिथे नोलेन गूर म्हणतात. त्याचे संदेश, त्याचा रसगुल्ला, त्याचे दही हे सगळे थंडीतले खाणे. मोसमातला पदार्थ चांगला मिळतो आणि सहसा वाजवी भावात मिळतो. हिल्सा हा पावसाळ्यातला मासा. जानेवारीत तो शोधत फिरलात तर किंमत जास्त आणि चव कमी. त्याऐवजी रोहू, पाबदा, कोळंबी घ्या.

अंदाजपत्रक: पोट आधी

नेहमीच्या सहलीत आधी प्रवास आणि हॉटेल ठरते, उरलेल्या पैशांत खाणे बसवले जाते. खाण्यासाठी जायचे असेल तर हा क्रम उलटा करा. आधी दिवसाचा खाण्याचा आकडा ठरवा. बाकीच्या गोष्टींना त्याच्या मागे उभे करा.

आम्ही पाच जण, चार रात्री. बाबा म्हणाले, "थंडीत एसी कशाला? स्लीपरनं जाऊ." वातानुकूलित डब्यातले पैसे वाचले ते खाण्याकडे वळवले. आमचे अंदाजपत्रक असे होते:

• रेल्वे, स्लीपर, जाऊन-येऊन: ६,५०० रुपये
• दोन साध्या खोल्या, चार रात्री, जीएसटीसह: १२,६०० रुपये
• खाणे, चार दिवस, रोज २,४०० रुपये: ९,६०० रुपये
• शहरातला प्रवास: २,४०० रुपये
• घरी न्यायची मिठाई: १,५०० रुपये
• राखीव: ४,६८६ रुपये
• एकूण: ३७,२८६ रुपये

हे आमच्या घरचे आकडे आहेत. तुमचे आकडे माणसांप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतील, पण राखीव रकमेची ओळ कधीही खोडू नका. एकूण रकमेच्या निदान दहा टक्के तरी तिथे असू द्या.

रेल्वेबद्दल दोन गोष्टी. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे ती धरून हिशोब करू नका. मात्र खालच्या बर्थसाठी त्यांचा वेगळा कोटा आहे. तो एकट्याने किंवा दोघांनी केलेल्या आरक्षणाला मिळतो, म्हणून आई-बाबांचे तिकीट आम्ही वेगळे काढले. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे लागते, न घेतल्यास निम्मे.

रोजच्या २,४०० रुपयांचीही आम्ही फोड केली. सकाळची न्याहारी ३००, दुपारचे जेवण ९००, संध्याकाळचे खाणे ३००, रात्रीचे जेवण ७००, गोड २००. नियम एकच होता: दिवसात एकच मोठे जेवण. बाकी सगळे चाखायचे, एक प्लेट दोघांत. असे केले की पोटही पाच वेळा भरून घ्यावे लागत नाही आणि पदार्थही जास्त होतात. रोज सकाळी त्या दिवसाचे पैसे एका पाकिटात घालायचे, आणि ते पाकीट मुलीकडे. हिशोबाची वहीही तिच्याकडेच.

चार दिवस, चार चवी

पहिल्या दिवशी हावड्याला उतरून फेरीबोटीने हुगळी ओलांडली. टॅक्सीच्या तुलनेत बोटीचे भाडे नगण्य आणि मुलीचा हट्टही पुरा झाला. मार्च २०२४ पासून हावड्याहून नदीच्या खालून मेट्रोही जाते. कोलकाता मेट्रोचे भाडे ५ रुपयांपासून सुरू होते. संध्याकाळी न्यू मार्केटच्या परिसरात रोल खाल्ले. पराठ्यात गुंडाळलेला कबाब, हा काठी रोल याच भागातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचुरी आणि बटाट्याची रस्साभाजी, मग कॉलेज स्ट्रीट. तिथल्या इंडियन कॉफी हाउसात पाच जणांनी दोन तास बसूनही बिल बेतात राहिले. संध्याकाळी फुचका. दिसायला आपली पाणीपुरी, पण आत मसाल्यात कालवलेला बटाटा आणि पाणी चिंचेचे.

तिसरा दिवस रविवार ठेवला होता, कारण टिरेटा बाजारातली चिनी न्याहारी पाहायची होती. कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबांची ही परंपरा. भल्या पहाटे मोमो, बाव आणि सूप विकायला बसतात आणि सकाळ वर चढेपर्यंत सगळे संपते. आईने तिथे फक्त चहा घेतला. तिच्या वाट्याचे पैसे दुपारी लुची, छोलार डाळ आणि पोस्तो यांवर गेले. बंगाली घरांत कांदा-लसूण न घालता केलेला निरामिष स्वयंपाक फार जुना आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. रात्री बटाटा घातलेली बिर्याणी. अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये राज्य गेल्यावर कोलकात्याजवळच्या मटियाबुर्ज इथे येऊन राहिले. त्यांच्या स्वयंपाकघरातून ही बिर्याणी शहरात आली, असे तिथे सांगतात.

चौथा दिवस गोडाचा. मातीच्या कुल्हडातले मिष्टी दोई, नोलेन गुराचे संदेश आणि रसगुल्ला. 'बांगलार रोसोगोल्ला' या नावाने २०१७ मध्ये त्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. परत न्यायची मिठाई शेवटच्या दिवशीच घ्या आणि ती किती दिवस टिकेल ते विचारून घ्या. संदेश दोन दिवसांत खराब झाला तर भेट गेली आणि पैसेही गेले.

पाइस हॉटेलचा धडा

पण या सहलीतली खरी शिकवण दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणात होती. कोलकात्यात जुनी भातखानावळ असते, तिला पाइस हॉटेल म्हणतात. पाइस म्हणजे जुना पैसा. १९५७ मध्ये दशमान पद्धत येण्यापूर्वी रुपयाचे ६४ पैसे होत. त्या काळात नोकरीसाठी, शिक्षणासाठी शहरात आलेल्या माणसांना थोड्या पैशांत घरचे जेवण मिळावे, म्हणून ही हॉटेले निघाली. त्यातली काही अजून चालू आहेत.

इथे थाळी नसते. भाताचे वेगळे, डाळीचे वेगळे, भाजीचे वेगळे, माशाच्या तुकड्याचे वेगळे पैसे. अनेक ठिकाणी केळीचे पान आणि लिंबाची फोडसुद्धा वेगळी मोजतात. त्या दिवसाचे मासे आणि भाव फळ्यावर खडूने लिहिलेले असतात. जेवढे घ्याल तेवढेच द्याल.

बाबा सवयीप्रमाणे फळ्याच्या उजव्या बाजूकडे पाहत होते. त्यांनी भात, डाळ आणि रोहूचा एक तुकडा मागवला. सर्वांत कमी किमतीचा. तो खाऊन झाल्यावर त्यांची नजर पुन्हा फळ्यावर गेली. पाबदा लिहिला होता. ते काही बोलले नाहीत. मुलीने वही काढली, बेरीज केली आणि म्हणाली, "आजोबा, जेवणाच्या नऊशेतले अजून दोनशे दहा आहेत. पाबदा बसतो."

बाबांनी पाबदा घेतला. मग कोळंबीचीही चौकशी केली. ती मात्र बसत नव्हती, तर म्हणाले, "ती उद्याच्या पैशात." आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने घेतली.

एवढ्या वर्षांत बाबांना स्वतःहून दुसरा पदार्थ मागताना मी पहिल्यांदा पाहिले. सकाळी ते पैसे कमी मोजत होते असे नाही आणि दुपारी आम्ही श्रीमंत झालो होतो असेही नाही. फक्त खर्चासाठी ठेवलेली रक्कम किती आणि त्यातली उरली किती, हे समोर होते. अंदाजपत्रक हे हात आखडण्यासाठी असते, असा आपला समज आहे. मन मोकळे करून खर्च कुठपर्यंत करता येईल, हेही तेच सांगते. ज्या पैशाचे काम आधीच ठरले आहे, तो खर्च करताना अपराधी वाटत नाही.

पाइस हॉटेलची पद्धत घरीही वापरून पाहा. "महिन्याचा खर्च २०,०००" असे लिहिण्याऐवजी भाताचे वेगळे, पानाचे वेगळे लिहा. थाळीच्या एका आकड्यात न दिसणारी गळती तिथे दिसते.

बिल वाचायला शिका

हॉटेलचे बिल आले की बेरजेच्या आधी तीन ओळी पाहा.

पहिली, जीएसटी. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरही २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच आहे. त्याहून जास्त लावला असेल तर विचारा.

दुसरी, सेवा शुल्क. ही सरकारी रक्कम नाही. ती देणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. बिलात ती आपोआप जोडली असेल तर काढायला सांगता येते. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवा आवडली तर वाढप्याच्या हातात स्वखुशीने बक्षीस द्या.

तिसरी, न मागितलेल्या वस्तू. पाण्याची बाटली, पापड, बडीशेपेची वाटी. मागवले नसेल तर टेबलावर ठेवतानाच विचारा.

पैसे देताना

अनोळखी शहरात, गर्दीत, भूक लागलेली असताना माणूस घाई करतो. फसवणूक करणारा त्याचाच फायदा घेतो.

• मुख्य बचत खाते सहलीत यूपीआयला जोडलेले ठेवू नका. एका वेगळ्या खात्यात सहलीपुरतीच रक्कम ठेवा. काही गडबड झाली तरी घरची शिल्लक सुरक्षित राहते.

• छोट्या खरेदीसाठी यूपीआय लाइट सोयीचे. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. मात्र त्यातला प्रत्येक व्यवहार पासबुकात वेगळा दिसत नाही, म्हणून वहीत लिहा. फोनला कुलूप असू द्या.

• क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर आलेले नाव मोठ्याने वाचून दुकानदाराला विचारा. दुसऱ्याने चिकटवलेला कोड असेल तर तिथेच कळते.

• पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. "परतावा देतो, पिन टाका" म्हणणारा फसवतो आहे.

• खोलीचे आरक्षण करताना इंटरनेटवर सापडलेल्या क्रमांकावर पूर्ण रक्कम पाठवू नका. हॉटेलच्या दुसऱ्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. शक्यतो थोडी आगाऊ रक्कम आणि उरलेली पोहोचल्यावर द्या.

• थोडी रोख, सुट्ट्या नोटांत, दोन ठिकाणी विभागून ठेवा. कोलकाता हे महानगर असल्याने तिथे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ३ व्यवहार मोफत असतात. त्यापुढे प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि त्यावर कर लागू शकतो. म्हणून दर वेळी पाचशे-पाचशे काढत बसू नका.

• फसवणूक झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात.

परत आल्यावर

सहलीचा शेवट घरी येऊन हिशोब मांडल्यावर होतो. आमचा खाण्याचा खर्च ९,६०० ऐवजी ९,१४० झाला. शहरातला प्रवास मात्र २,४०० वरून ३,३५० वर गेला, कारण आईच्या गुडघ्यांनी मेट्रोचे जिने नाकारले आणि टॅक्सी कराव्या लागल्या. मिठाई १,५०० ची २,३०० झाली. बाबांच्या पोटाच्या औषधाला ४२० रुपये लागले. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर हे होते, औषधे घरूनच न्यायला हवी होती. एकूण खर्च ३४,३१० रुपये. राखीव रक्कम यासाठीच असते. तीन ठिकाणी अंदाज चुकूनही कार्ड काढावे लागले नाही.

उरले २,९७६ रुपये. ते खात्यातच ठेवले आणि त्यात २४ रुपये घालून पुढच्या आरडीचे दोन हप्ते मोकळे झाले. कुठे जायचे, हे अजून ठरायचे आहे. बाबांनी यंदा स्वतःच्या पेन्शनमधून ५०० रुपयांची वेगळी आरडी काढली आहे. अर्जावर उद्देशाच्या रकान्याची गरज नव्हती, तरी पावतीच्या मागे त्यांनी पेन्सिलने लिहून ठेवले आहे: "मासे."

थोडक्यात

१. आधी अडचणीचा निधी, विमा आणि फी, मग सहल.
२. सहलीचे पैसे सहलीच्या आधी साठवा. कार्डाची थकबाकी ठेवून खाल्लेला घास सर्वांत महाग.
३. आरडीची मुदत तिकीट काढण्याच्या तारखेआधी संपेल असे पाहा. गरज असेल तर दोन आरडी करा.
४. मोसमातले खा, गर्दीचा हंगाम टाळा.
५. दिवसाचा खाण्याचा आकडा ठरवा, दिवसात एकच मोठे जेवण.
६. बिलातला प्रत्येक आकडा वाचा. सेवा शुल्क ऐच्छिक आहे.
७. सहलीसाठी वेगळे खाते, आणि फसवणूक झाल्यास लगेच १९३०.
८. राखीव रक्कम ठेवा. उरली तर ती पुढच्या सहलीचा पहिला हप्ता.